कानबाईच्या गाण्यामागे सॅम्पल क्वायर लावताना

धुळे-जळगावच्या घरगुती स्टुडिओत चाळीस गळ्यांचा कोरस जमवणे परवडत नाही, म्हणून खानदेशची देवी कानबाई हिच्या अहिराणी गाण्याला भारदस्तपणा हवा असला की संगीतकार सॅम्पल केलेल्या क्वायर लायब्ररीकडे, म्हणजे समूहगायकांच्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या संगणकी संचाकडे वळतो. मात्र तिच्याकडून शब्द गाऊन घेण्याचा हट्ट धरू नये, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लायब्रऱ्यांत ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर आणि मिटल्या ओठांचा हुंकार एवढेच ध्वनिमुद्रित असते. ईस्टवेस्ट कंपनीच्या ‘सिंफॉनिक क्वायर्स’ या लायब्ररीमधील वर्डबिल्डरसारखी शब्द जुळवण्याची सोय काहींत आहे, परंतु ती पाश्चात्त्य उच्चारांसाठी घडवलेली आहे. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, त्यामुळे ‘ळ’ची अडचण टळते, तरी ‘ठ’ आणि ‘ढ’ यांचा ठसका तिथे मिळत नाही. शब्द आपल्या बायकांनीच गावेत आणि लायब्ररीने मागे स्वर धरावा.

आपली चाल सगळ्या जणी एकाच सुरात गातात. तिच्याखाली सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज) असे चारही आवाज पाश्चात्त्य कॉर्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या वेगवेगळ्या स्वरांत मांडले, तर गाणे चर्चमधले वाटू लागते. आल्टोला चालीतले मुख्य स्वर द्यावेत, टेनर-बासला षड्ज-पंचम, आणि सोप्रानो शेवटच्या कडव्यापर्यंत राखून ठेवावा. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर वाजवावा. मुरक्या लायब्ररीला देऊ नयेत, कारण तिच्या लेगाटोत, म्हणजे स्वर न तोडता जोडून गाण्याच्या सोयीत, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचे ठरावीक सांधेच असतात.

लांब स्वरांचा जोर बहुधा कीबोर्डवरच्या मॉड्युलेशन व्हील या चाकाने (मिडी संदेशांत त्याचा क्रमांक सीसी १) बदलतो. कळ जोरात दाबून तो वाढत नाही. व्हील स्थिर राहिले की गळा यंत्राचा वाटतो, म्हणून प्रत्येक ओळीत ते हाताने चढवावे, उतरवावे आणि ओळ संपताना श्वासापुरती जागा सोडावी. लेगाटोचा स्वर उशिरा लागत असेल, तर नोट्स थोड्या अलीकडे सरकवाव्यात.

यानंतर चार बायकांकडून तेच गाणे तीनदा गाऊन घ्यावे आणि दर वेळी त्यांच्या जागा बदलाव्यात. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे खानदेशच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे. मिक्स करताना लायब्ररी क्षणभर म्यूट करून ऐकावी. म्यूट केल्यावर शब्द अधिक स्पष्ट ऐकू आले, तर तिचा आवाज आणखी दोन-तीन डेसिबलने खाली आणावा.