कायाक छताला टांगायची तर आधी तिचा तोल शोधा

माझी कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, 4.3 मीटर लांब, प्लास्टिकची, वजन सुकाणूसकट 25 किलो. दोन वर्षं ती गॅरेजच्या भिंतीला शेपटीवर तिरकी टेकून होती. मग एकदा उलटी करून पाहिली तर शेपटीजवळ बशीएवढा खड्डा. कुठे आपटली नव्हती, कुणी धक्का दिला नव्हता. स्वतःच्याच वजनाने बसली होती.

पॉलिथिलीन या प्लास्टिकची ही खोड आहे. सतत एकाच जागी भार आला की ते हळूहळू, डोळ्यांना न दिसता ओघळत जातं, आणि उकाड्यात जास्तच. खड्डा ताजा असेल तर उन्हात ठेवून किंवा गरम पाणी ओतून आतून दाबला की बराचसा परत येतो. माझा नव्वद टक्के आला. उरलेला अजून आहे, आणि तो बघितला की मला टांगायचे पट्टे आठवतात. म्हणून पहिली गोष्ट हीच: छताला टांगणं म्हणजे नुसती जागा मोकळी करणं नाही. भार कुठे टेकतो ते बघणं हे खरं काम. पुढच्या-मागच्या उचलायच्या मुठींना दोरी बांधून कायाक कधीच टांगू नका. मुठी दोन मिनिटं उचलण्यासाठी असतात, आठ महिने लटकण्यासाठी नाही.

कप्प्यांचा तयार संच मिळतो. त्यात छताला लावायच्या दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर कप्पी, खाली हूक असलेल्या दोन सरकत्या कप्प्या, एक लांब दोरी आणि दोरी आपोआप धरून ठेवणारा खटका असतो. दोरीचं एक टोक पहिल्या पट्टीला बांधलेलं असतं. तिथून ती खाली हुकाच्या कप्पीतून वळते, वर येते, छताखालून आडवी दुसऱ्या पट्टीकडे जाते, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि खटक्यातून तुमच्या हातात. म्हणजे कायाक दोरीच्या चार पदरांवर लटकते. हिशेबाने 25 किलोला सव्वासहा किलोची ओढ पुरते. कप्प्या घासतात, तेव्हा प्रत्यक्षात आठ-नऊ समजा. माझ्या दुखऱ्या खांद्याला हे जमतं. फुकट काहीच नसतं म्हणा: कायाक एक मीटर वर न्यायला दोरी चार मीटर ओढावी लागते.

दोरी एकच आहे हे नीट डोक्यात बसू द्या, कारण सगळी गंमत आणि सगळा घोळ तिथेच आहे. एकाच दोरीतली ओढ सगळीकडे सारखी, म्हणून दोन्ही हूक सारख्याच जोराने वर खेचतात. कायाकचं वजन दोन्ही हुकांवर निम्मंनिम्मं नसेल, तर जड बाजू हलक्या बाजूच्या वाटची दोरी गिळत खाली जाते आणि हलकी बाजू वर चढते. मला हे माहीत नव्हतं. मी मापाची टेप घेऊन कायाकचा लांबीतला मध्य काढला, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पट्टे घातले आणि मोठ्या ऐटीत दोरी ओढायला लागले. कायाक गुडघ्याएवढी उचलली गेली आणि मुलगा ओरडला, "आई, थांब! शेपूट खाली चाललंय!" मी म्हटलं, "मग धर ना रे!" त्याने धरलं, पण तोवर सुकाणूचं टोक फरशीवर घासलं होतं आणि नाक छताकडे बघत होतं.

लांबीचा मध्य आणि तोलाचा मध्य वेगळे. बैठक मागे सरकवलेली, त्यात सुकाणू, म्हणून माझ्या कायाकचा तोल मध्याच्या 14 सेंटिमीटर मागे निघाला. शोधायचा कसा? जमिनीवर एक जाड पाइप आडवा ठेवा, त्यावर जुनी गोधडी गुंडाळा, कायाक त्यावर ठेवून पुढे-मागे सरकवा. दोन्ही टोकं अधांतरी राहिली की तीच जागा. तिथे दोन्ही कडांना रंगीत चिकटपट्टी लावा, आणि ती कायमची राहू द्या. आधी आतलं सगळं बाहेर काढा. बैठकीमागे विसरलेल्या पाण्याच्या बाटलीनेही तोल सरकतो, शिवाय कायाक कलली की ती बाटली नेमकी आपल्या डोक्यावर येते.

आता पट्टे. तोलाच्या खुणेपासून पुढे आणि मागे अगदी सारख्या अंतरावर. किती अंतर? दोन पट्ट्यांमध्ये साधारण लांबीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग असावा. फार जवळ घेतले तर कायाक सी-सॉसारखी डुलते. तळाला सगळ्यात भक्कम जागा म्हणजे आतल्या आडव्या भिंतींजवळची, पण त्या भिंती तोलापासून सारख्या अंतरावर असतीलच असं नाही. माझ्या नाहीत. मी दोन्हीकडे 75 सेंटिमीटर घेतले. पुढचा पट्टा भिंतीलगत आला, मागचा भिंतीपासून वीतभर मागे पडला, तर तिथे आतून फोमचा ठोकळा घट्ट बसवला. तोल आणि भक्कमपणा यांत निवड करायची वेळ आली तर मी तोल निवडते. भक्कमपणा फोमने वाढवता येतो.

पट्टा 5 सेंटिमीटर रुंद, विणलेला. दोरी किंवा नुसता हूक तळाला लागता कामा नये. आणि पट्ट्याचा फास आखूड ठेवू नका. आखूड फास दोन्ही कडांना आत चेपतो, पट्ट्यावरचा ताणही वाढवतो. लांब फासात उंची वाया जाते. यावर उपाय म्हणजे कायाकच्या रुंदीपेक्षा थोडी लांब लाकडी दांडी, दोन्ही टोकांना खाच पाडलेली. पट्टा खाचेतून वर जातो आणि कडा मोकळ्या राहतात. माझी कायाक 61 सेंटिमीटर रुंद, दांडी 66. रुंद कॅनू, म्हणजे वरून उघडी होडी, असेल तर ही दांडी लावाच. कॅनू उलटी टांगतात, काठांवर टेकवून, कारण तिचा काठ तळापेक्षा कणखर असतो. फायबरग्लासची होडी प्लास्टिकसारखी ओघळत नाही, पण हातातून सुटली तर तडकते.

छताकडे वळू. आधी गॅरेजचं दार पूर्ण उघडा आणि मगच माप घ्या. वर सरकणारं दार छताखाली येऊन आडवं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि टेप हातात घेतली की सगळेच विसरतात. दाराचे रूळ, मोटर, दिवे, सगळं बघा. उंचीचा हिशेब असा: कप्प्या पूर्ण जवळ आल्या तरी 25 सेंटिमीटर खातात, हूक आणि पट्ट्याचा फास 20, कायाक स्वतः 35. म्हणजे कायाकचा तळ छतापासून 80 सेंटिमीटर खाली. माझं छत 2.75 मीटरवर, तळ आला 1.95 वर. मुलाचं डोकं वाचतं, गाडीही वाचते.

छत लाकडी तुळयांचं असेल तर स्क्रू तुळईतच गेला पाहिजे, तोही मधोमध. प्लास्टर किंवा जिप्समच्या पाट्या स्वतःचंच वजन कसंबसं धरतात. तुळया बहुधा मध्यापासून मध्यापर्यंत 40 किंवा 60 सेंटिमीटरवर असतात. एक सापडली की बाकीच्या मोजून मिळतात. ताकदवान लोहचुंबक छतावर फिरवला की पाटीचे खिळे सापडतात, म्हणजे तुळई सापडली. मग बारीक बिटने दोन-तीन भोकं पाडून तिच्या दोन्ही कडा शोधा. ही भोकं नंतर बुजवता येतात. कडेला लागलेला स्क्रू मात्र लाकूड चिरत बाहेर येतो.

तुळया हव्या तिथे कधीच नसतात. मी तीन तुळयांना आडवी जाणारी, 9 सेंटिमीटर रुंद, 4 सेंटिमीटर जाड अशी फळी प्रत्येक पट्टीसाठी ठोकली आणि पट्टी त्या फळीवर हवी तिथे लावली. भारही तीन ठिकाणी वाटला जातो. छपराच्या कैचीची खालची लाकडं असतील तर हे करायलाच हवं, कारण ती टांगण्याच्या हिशेबाने बनवलेली नसतात. षटकोनी डोक्याचे 8 मिलिमीटरचे जाड लाकडी स्क्रू घ्या, तुळईत किमान 6 सेंटिमीटर जातील एवढे लांब. मऊ लाकडात आधी 5 मिलिमीटरचं भोक, कठीण लाकडात 6. आट्यांना साबण चोळला की मनगट वाचतं. पाट्यांचे काळे बारीक स्क्रू इथे वापरू नका. ते ठिसूळ असतात आणि तुटताना आधी सांगत नाहीत.

छत काँक्रीटचं असेल तर घट्ट होताना फुगणारा लोखंडी अँकर वापरा, हॅमर ड्रिलने, पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच भोक पाडून. भोकातली धूळ फुंकून पूर्ण काढा. निम्मे अँकर धुळीमुळेच सैल बसतात असं माझं मत आहे. बिट सळीला लागला तर जोर करू नका, भोक दुसरीकडे घ्या. आतल्या तारा ताणून बनवलेला स्लॅब असेल, तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही.

अँकर गोंदाने चिकटवायचा मोह काहींना होतो. 2006 साली बोस्टनमध्ये एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पाट कोसळून गाडीतली एक बाई मेली. चौकशीत निघालं की अँकर धरणारं इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेलं होतं. माझ्या कायाकच्या शेपटीचं जे झालं तेच. तिथे पाट टनांचे होते, इथे 25 किलो, पण मी डोक्यावरच्या कायम भारासाठी गोंद वापरत नाही. लोखंड लोखंडासारखं पकडू दे.

पट्ट्यांची जागा छतावर उतरवायला ओळंब्यासारखं साधन नाही. कायाक जिथे लटकायला हवी त्याच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवा, पट्ट्यांच्या जागी खडूने रेघ मारा, आणि मुलाला शिडीवर चढवून छतावरून ओळंबा सोडायला सांगा. टोक रेघेवर आलं की वर पेन्सिलची खूण. मी लेझरही वापरून पाहिला, पण वर उजेडात ठिपका दिसत नव्हता.

दोरी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी. कापण्याआधी मोजा: जमिनीवरच्या कायाकपासून छतापर्यंतच्या उंचीची चौपट, अधिक दोन पट्ट्यांमधलं अंतर, अधिक हातापर्यंतची लांबी. माझी साडेबारा मीटर आली, मी 15 घेतली. टोक वितळवून बंद करा, आणि छताला बांधायचं टोक आठाच्या गाठीने.

कायाक लावण्याआधी प्रत्येक हुकाला 20 लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन अडकवा. 40 किलो होतात, कायाकच्या दीडपटीहून जास्त. जमिनीपासून वीतभर उचलून रात्रभर राहू द्या. सकाळी स्क्रूजवळ भेग नाही, पट्टी हलली नाही, दोरी खटक्यातून घसरली नाही हे तपासा. मग गंमत म्हणून एक कॅन अर्धा रिकामा करा. भरलेला सरसर खाली टेकेल आणि अर्धा वर चढेल. तोलाची गोष्ट मी इतकी लांबवून का सांगितली ते तेव्हा दिसतं.

खटक्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. दोरी ओढून झाली की ती भिंतीवरच्या लोखंडी खुंटीला आठाच्या आकारात गुंडाळते. खुंटी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही एवढी उंच. त्याशिवाय कायाक वर गेली की दोन वेगळे पट्टे, कप्प्यांशी संबंध नसलेल्या वेगळ्या हुकांवरून, तिच्याखालून सैलसर घालते. दोरी तुटली तर कायाक चार बोटं खाली येईल, माणसावर नाही. दोरी ओढताना हातमोजे हवेत आणि कायाकच्या खाली कुणीही नको. मीसुद्धा नाही. खटका सोडताना आधी दोरी थोडी ओढून भार हातात घ्यायचा, मग बाजूला करून हळूहळू सोडायची. उलट क्रमाने केलं तर तळहात सोलतो.

टांगण्याआधी आतलं पाणी पूर्ण काढा आणि झाकणांच्या कडा किंचित सैल ठेवा, नाहीतर आत ओल कोंडते आणि उकाड्यात हवाही फुगते. बैठकीच्या जागेवर कापडी आच्छादन घाला. मी एकदा घातलं नव्हतं, आत गांधीलमाश्यांनी घर केलं. दोन महिन्यांहून जास्त लटकत राहणार असेल तर मध्ये एकदा दोन्ही पट्टे सारखेच, दहा-दहा सेंटिमीटर बाहेर किंवा आत सरकवा. एकाच रेघेवर भार राहत नाही, आणि तोलही बिघडत नाही.

हल्ली मी कायाक थेट गाडीच्या टपावरून उचलते. गाडी बरोबर खाली लावायची, पट्टे घालायचे, टपाचे बंद सोडायचे, वर ओढायचं. एकदा टपाचा एक बंद सोडायचा राहिला होता आणि मी दोरी ओढतच होते. गाडीची एक बाजू स्प्रिंगवर उचलल्यासारखी वाटली तेव्हा कळलं. तेव्हापासून गाडीची किल्ली दोरीच्या खुंटीला अडकवते. किल्ली काढायची तर दोरीपाशी जावंच लागतं, आणि तिथे उभं राहून वर बघितल्याशिवाय गाडी हलत नाही.