नव्या गाडीचे इंजिन बंद पडल्यास काय करावे

नवी गाडी चालत असताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढला किंवा इंजिनातून ठोके ऐकू आले, तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. गावापर्यंत तरी नेऊ, हा मोह महागात पडतो; ऑइलचा दाब गेल्यावर बेअरिंग काही मिनिटांत घासून निघतात आणि पुढे कंपनी नेमके त्याच अंतराकडे बोट दाखवते. दिवा व किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवावा.

मेळघाटात किंवा सिरोंच्याकडे गाडी थांबली की आधी ओळखीचा मिस्त्री येतो. त्याने पाहावे, पण एकही बोल्ट सैल करू नये, कारण बाहेर उघडलेले इंजिन हे वॉरंटी नाकारण्याचे सर्वांत सोपे निमित्त असते. वॉरंटी पुस्तिकेतील मदत क्रमांकावरूनच टोइंग मागवावे.

खरे काम जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदावर असते. वर्कशॉपचा सल्लागार तक्रारीच्या रकान्यात ‘इंजिन चेक करणे’ एवढेच लिहून सही मागतो. तेथे ‘चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला, इंजिन आपोआप बंद पडले, पुन्हा सुरू होत नाही’ असे किलोमीटरसह लिहून घेतल्याशिवाय सही करू नये व प्रत घेतल्याशिवाय निघू नये. काढलेले भाग आणि ऑइलचा नमुना जपून ठेवावा, ही मागणी त्याच दिवशी डीलर व कंपनी दोघांनाही ईमेलने कळवावी.

कंपनीचे उत्तर बहुधा ठरलेले असते: इंधनात भेसळ, सर्व्हिसिंगला उशीर किंवा इंजिनात पाणी. तोंडी उत्तर स्वीकारू नये, फोटोसह तपासणी अहवाल मागावा. मात्र पुराच्या नाल्यातून गाडी काढली असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला असेल, तर वॉरंटीवरून भांडण्यात अर्थ नाही. तेथे विम्यातील इंजिन संरक्षणाचे जोडकलमच कामी येते. नवी गाडीच द्या, ही मागणी सहसा मान्य होत नाही. वॉरंटी दुरुस्तीची किंवा भाग बदलून देण्याची असते, म्हणून गंभीर बिघाडात पूर्ण इंजिन बदलून मागणे अधिक व्यवहार्य. इंजिन क्रमांक बदलल्यास आरटीओकडे व विमा कंपनीकडे नोंद करून घ्यावी.

दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मग लेखी नोटीस द्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शोरूम नागपुरात असले तरी तक्रार स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञ तपासणीची मागणी तक्रारीसोबतच करावी. गाडी भाड्याने चालवत असाल, तर ती स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. अन्यथा ‘व्यापारी वापर’ असा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो.