वाचनाच्या परीक्षेआधीचे वाचन: सांगली-साताऱ्याहून इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, कराड या भागांतून इंग्लंडमध्ये येऊन इथल्या नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी आपल्याकडे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून आलेल्या असतात, इथे एखाद्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या निवासात, काम धरतात आणि नोंदणीकृत परिचारिका होण्याच्या वाटेवर वाचनाच्या भागात अर्ध्या गुणासाठी अडकून पडतात. इथे राहून ऐकणे सुधारते, बोलणेही बरेच सुधारते, पण वाचन आपोआप सुधारत नाही. केअर होममधले रोजचे बोलणे मोजक्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांत भागते, आणि थकून घरी आल्यावर हातात मोबाइल आणि समोर मराठी मालिका असते. इथे वर्षे काढूनही एक पूर्ण इंग्रजी पुस्तक न वाचलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत.

परीक्षा कोणती द्यायची, हे थोडक्यात सांगते. परिचारिकांची नोंदणी करणारी इथली संस्था, नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, आयईएलटीएस अकॅडमिक ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा किंवा ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, यांपैकी कोणतीही मान्य करते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस ही श्रेणी लागते. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग ही वेगळी परीक्षा आहे. चुलतभावाने कॅनडासाठी ती दिली म्हणून त्याचीच पुस्तके तुम्ही घेऊन बसू नका. माझ्या मते दवाखान्यात काम केलेल्यांनी ओईटीचा विचार आधी करावा, कारण तिथले उतारे आरोग्यसेवेतलेच असतात.

आता ज्या चुकीची सर्वांत मोठी किंमत मोजताना मी आपल्या माणसांना पाहते, ती सांगते. इथे आल्याबरोबर ही मंडळी परीक्षेची तारीख घेतात, मोठे शुल्क भरतात आणि मग रोज एक सराव प्रश्नपत्रिका सोडवायला लागतात. गुण मोजायचे, हळहळायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी प्रश्नपत्रिका काढायची, असे दोन महिने चालते. तासगावकडची एक अतिशय कष्टाळू मुलगी रात्रपाळी करून पहाटे प्रश्नपत्रिका सोडवायची. तिचा वाचनाचा गुण ६ वरून ६.५ झाला आणि तिथेच थांबला, आणि दर वेळच्या शुल्कात तिची कित्येक महिन्यांची बचत गेली. रानाला पाणी न देता रोज उसाची उंची मोजण्यासारखा हा प्रकार आहे. प्रश्नपत्रिका तुमचे शब्द मोजते. शब्द वाढतात ते निवांत, भरपूर, अर्थ लावत केलेल्या वाचनाने. शब्दांसाठीचे वाचन आणि परीक्षेचा सराव ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांची वेळ वेगळी आहे आणि पहिले काम बरेचसे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. शब्द आधी, तारीख नंतर.

याला कारण आहे. आयईएलटीएस अकॅडमिकच्या वाचनात ६० मिनिटांत तीन लांब उतारे आणि ४० प्रश्न असतात, आणि तिन्ही उताऱ्यांचे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द भरतात. मिनिटाला १०० शब्द या गतीने वाचणाऱ्याचा जवळजवळ अर्धा वेळ नुसता उतारा एकदा डोळ्यांखालून घालण्यात जातो. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातून आलेली आपलीच मंडळी सांगतात की, सगळे वाचायचेच नाही, वरवर नजर फिरवून उत्तर शोधायचे. त्यांचा सल्ला मनापासूनचा असतो, पण तो त्यांना लागू पडतो. वरवर फिरणारी नजर ओळखीच्या शब्दांवरूनच पुढे सरकते. ज्याला ओळीत तीन शब्द अनोळखी आहेत त्याची नजर तिथे अडखळणारच. मराठी माध्यमातून, पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्यांची गती कमी असते ती बुद्धीमुळे नव्हे. त्यांनी इंग्रजी वाचलेलेच कमी असते, आणि ही उणीव वाचूनच भरून निघते.

वाचायला काय घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, मजकूर कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा अनोळखी शब्द असतील तर ते पान तुमचे आहे; पंचवीस-तीस असतील तर ते पुस्तक चांगले असले तरी सहा महिन्यांनी हातात घ्यायचे आहे. आपली माणसे नेमके उलटे करतात. कोणीतरी सांगितले म्हणून ती थेट जड साप्ताहिक घेतात, पहिल्या परिच्छेदात दहा वेळा शब्दकोश उघडतात आणि आठवडाभरात सोडून देतात. सोपे वाचायला लाजू नका. इथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संकेतस्थळावरील आजारांची माहिती मुद्दाम नऊ ते अकरा वर्षांच्या मुलालाही समजेल अशा इंग्रजीत लिहिलेली असते. मधुमेह, दमा, पडल्याने होणाऱ्या इजा हे विषय तुम्हाला आधीच येतात, म्हणून तिथून सुरुवात करावी. ते सहज जमू लागले की त्याच आजारांवरची ‘नाइस’ या इथल्या आरोग्यविषयक संस्थेची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. ती व्यावसायिकांसाठी लिहिलेली असल्याने भाषा चढत जाते, विषय मात्र तोच राहतो.

आयईएलटीएस देणाऱ्यांनी हाच नियम आपल्या मातीतल्या विषयांना लावावा. त्या परीक्षेतले उतारे भूगर्भ, वनस्पती, शेती, इतिहास असल्या विषयांवर असतात, आणि त्यांपैकी किती गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत ते पाहा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाटण-कराडच्या प्रत्येक घरात आजी-आजोबांकडून ऐकायला मिळतो. धरणाच्या जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून जगभरच्या इंग्रजी लेखनात त्याचा उल्लेख येतो. तसा एखादा लेख वाचायला घ्या. काय घडले ते ठाऊक असल्यामुळे ‘रिझर्व्हॉयर’, ‘फॉल्ट’, ‘मॅग्निट्यूड’, ‘ट्रिगर’ हे शब्द संदर्भानेच उलगडतात. मग दम्याच्या माहितीपत्रकात धूळ, थंड हवा, परागकण यांना ‘ट्रिगर’ म्हटलेले दिसते, आणि तो शब्द एका विषयातून सुटून सर्वत्र तुमच्या कामाचा होतो. परीक्षेत उताऱ्यात ‘ट्रिगर’ असेल तर प्रश्नात बहुधा ‘सेट ऑफ’ किंवा ‘कॉज’ असे काही येते. ही जोडी जुळवता येणे म्हणजेच वाचनाच्या परीक्षेचा निम्मा भाग होय. कासचे पठार हाही असाच विषय आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि त्यावरच्या इंग्रजी लेखांत ‘एंडेमिक’, ‘हॅबिटॅट’, ‘सीझनल’ हे परीक्षेला हमखास लागणारे शब्द पानोपानी भेटतात.

एक विषय धरला की त्यावर निदान पाच-सहा वेगवेगळे लेख लागोपाठ वाचावेत. पहिल्या लेखात अडलेला शब्द तिसऱ्यात पुन्हा येतो, पाचव्यात तो अडत नाही. रोज नवा विषय घेतला तर हे घडत नाही.

वहीबद्दल माझे मत ठाम आहे. छापील मजकुरातल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहू नका. पुढच्या वेळी डोळा मराठीवरच जातो आणि इंग्रजी शब्द वाचलाच जात नाही. पान एकदा न थांबता वाचावे, अडलेल्या शब्दांखाली केवळ रेघ मारावी, दुसऱ्या वाचनात संदर्भाने अंदाज करावा आणि मगच इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडावा, तोही शिकणाऱ्यांसाठी केलेला, ज्यात वापराची वाक्ये दिलेली असतात. दिवसाला सहा-सात शब्दच वहीत घ्यावेत आणि प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासह उतरवावा. नुसते ‘एव्हिडन्स’ असे लिहून उपयोग नाही. ‘स्ट्राँग एव्हिडन्स’, ‘एव्हिडन्स सजेस्ट्स’, ‘लॅक ऑफ एव्हिडन्स’ असे त्याचे सोबती लिहिले तर तो शब्द वाचनातही लवकर ओळखू येतो आणि लेखनातही नीट बसतो. त्याखाली त्याच कुळातले शब्द लिहावेत, जसे ‘एव्हिडंट’ आणि ‘एव्हिडंटली’. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ते पान उलटून पाहावे. शब्दाचे स्पेलिंगही याच वेळी हाताने लिहून पक्के करावे, कारण आयईएलटीएसच्या वाचनात आणि ओईटी वाचनाच्या पहिल्या भागात चुकीचे स्पेलिंग लिहिले की बरोबर उत्तरही वाया जाते.

शब्दांच्या तयार याद्यांना माझा सरसकट विरोध नाही. भाषेच्या अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत ५७० शब्दकुळे आहेत आणि अभ्यासपर लेखनातले साधारण १० टक्के शब्द त्यांतून येतात, इतकी ती उपयुक्त आहे. पण ती चाचपणीसाठी वापरावी. महिन्याच्या शेवटी यादी समोर घ्यावी, वाचनात भेटलेल्या शब्दांवर खूण करावी आणि न भेटलेले ज्या विषयांत येतात ते विषय पुढच्या महिन्यात वाचावेत. व्हॉट्सॲपवर फिरणारी हजारो शब्दांची पीडीएफ पाठ करणारी मंडळी परीक्षेत शब्द ओळखतात, पण वाक्य त्यांच्या हातून निसटते.

आयईएलटीएसमधल्या ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नांत आपली माणसे शब्द येत असूनही गुण घालवतात, म्हणून एक उदाहरण देते. समजा, उताऱ्यात लिहिले आहे की, सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत असत आणि तिथे ती बराच काळ टिकत असे. प्रश्नातले विधान असे आहे की, पेवात हळद ठेवणे गोदामापेक्षा स्वस्त पडे. सांगलीचा विद्यार्थी लगेच ‘ट्रू’ लिहितो, कारण त्याने आजोबांकडून तसे ऐकलेले असते. उताऱ्यात खर्चाचा शब्दही नाही, म्हणून उत्तर ‘नॉट गिव्हन’ आहे. आता विधान असे असते की, पेवातली हळद लवकर खराब होई, तर उतारा त्याच्या उलट सांगतो, म्हणून ‘फॉल्स’. आपले ज्ञान बाजूला ठेवून उताऱ्याच्या ओळीवर बोट ठेवता आले तरच उत्तर लिहावे. याच कारणाने ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘मे’, ‘ओन्ली’, ‘अनलेस’ या लहान शब्दांकडे मोठ्या शब्दांपेक्षा जास्त लक्ष द्यावे. इंग्रज माणूस लिहिताना ठाम विधान सहसा टाळतो आणि आपला निम्मा अर्थ अशा शब्दांत ठेवतो.

या देशाबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत, पण इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल मनात केवळ आदर आहे. १९६४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर ग्रंथालयसेवा देण्याची जबाबदारी टाकलेली आहे आणि पुस्तके घरी नेण्याचे सदस्यत्व विनामूल्य मिळते. भाषा शिकणाऱ्यांसाठी श्रेणी पाडून सोप्या केलेल्या पुस्तकांचे कपाट अनेक ग्रंथालयांत असते, मासिके मोबाइलवरही वाचता येतात, बसायला शांत जागा मिळते. इतके असूनही आपली माणसे त्या दारातून आत जात नाहीत आणि सराव वर्गांना पैसे देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुटीच्या दिवशी गाडी काढून छायाचित्रांसाठी लांब जाणाऱ्यांनी एकदा वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावी जावे. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीजवळचे भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले ते त्याच गावावरून प्रेरणा घेऊन. हे-ऑन-वायला जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात.

एकाच घरात चार-पाच जणी राहत असाल तर रोज अर्धा तास एकत्र बसून एकच पान वाचा आणि त्यातला प्रत्येक परिच्छेद पुस्तकातले शब्द न वापरता एकेका वाक्यात इंग्रजीत सांगा. परिच्छेदांना शीर्षके जुळवण्याचा प्रश्न याने सोपा होतो. आणि परीक्षेचे प्रमाणपत्र परस्पर मिळवून देतो असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी बोलूसुद्धा नका.

ओळखीच्या विषयावरचा व्यावसायिक लेख पानाला पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त न अडता वाचता येऊ लागला की मगच तारीख घ्यावी, हे पुन्हा सांगते. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे प्रश्नपत्रिकांसाठी ठेवावेत. आठवड्याला दोन पुरेत, पण घड्याळ लावून. आयईएलटीएसच्या वाचनात उत्तरे उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून उत्तर मिळाले की लगेच लिहिण्याची सवय करावी. ओईटीच्या पहिल्या भागात १५ मिनिटांत चार लहान मजकुरांवर २० प्रश्न असतात आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही, म्हणून तो भाग स्वतंत्र, १५ मिनिटांचा गजर लावून करावा. प्रश्नपत्रिका सोडवलेल्या दिवशी गुण मोजावेत, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकलेल्या उत्तराची ओळ उताऱ्यात शोधून, चूक शब्द न कळल्याने झाली की घाईने, हे समोर लिहावे. शब्दामुळे झालेल्या चुका जास्त निघाल्या आणि हातात अजून मुदत असेल, तर तारीख पुढे ढकलून वहीकडे परत यावे.