सोंड्या की तांबडा भुंगेरा? आधी ओळखा, मग डबे उपसा

पावसाळा लागला की नागपुरात घरोघरी हेच सुरू, तांदळात किडे झाले, पिठात किडे झाले, आणि आपण सगळ्यांनाच सरसकट सोंडे म्हणून मोकळे. पण हे दोन वेगळे किडे आहेत न, आणि उपायही वेगळे. एक किडा पांढऱ्या कागदावर घ्या, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि तोंड पाहा.

तोंडाला बारीक सोंड आणि पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके असले तर तो सोंड्या. याची मादी अख्ख्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, मग अळी आतल्या आत दाणा पोखरत मोठी होते, म्हणजे तुम्ही पाखडून वरचे सगळे काढले तरी महिनाभरात पुन्हा हजर. खात्री करायची तर मूठभर तांदूळ पाण्यात टाका, पोकळ दाणे वर येतात. लवंगा, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण आतल्या अळीला त्याचं काय!

सोंड नाही, अंग चपटं, रंग सगळीकडे सारखा तांबूस, तर तो तांबडा भुंगेरा. अख्खा दाणा याच्याच्यानं फोडवत नाही, याला पीठ, रवा, नाहीतर कणी पाहिजे. हा वर्षाच्या वरही जगतो, डब्याच्या खाचेत लपतो, म्हणून जुन्या पिठावर नवीन पीठ ओतायचं नाही, डबा धुऊन कडक वाळवायचा. पिठाला उग्र वास आणि गुलाबीसर झाक आली असेल तर चाळत बसू नका, फेका.

गव्हाच्या ड्रममध्ये दोन्ही सापडले तर समजा सोंड्या जुना आहे, त्यानं केलेल्या चुऱ्यावर दुसरा आला.

उपाय म्हणाल तर गव्हाला आपलं मे महिन्याचं ऊन, ४५ डिग्रीत स्लॅबवर काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरा, दाणा ५०च्या वर तापला की किड्याचं खरं नाही. ड्रममध्ये भरायचे ते पूर्ण थंड झाल्यावरच, नाहीतर आत घाम सुटतो. तांदूळ कडक उन्हात टाकू नका, तडकतो, थोडाच असेल तर आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोदामात वापरतात त्या विषारी गॅसच्या गोळ्या घरात अजिबात नको, त्यानं माणसं मरतात. रवा मात्र आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवा.