मोटार बग्गीचा ब्रेक पेडल स्पंजी: हवा कॅलिपरमध्येच अडकली होती

लक्षण: पेडल तळाला जातं, तीनदा पंप केलं की घट्ट, मिनिटभराने पुन्हा ढिलं. गळती नाही. चारदा ब्लीडिंग (ब्रेकच्या ऑइलातली हवा काढणं) केलं, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) किटही बदललं. अर्धा लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल वाया गेलं, वैताग आला.

कारण: कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) डावे-उजवे अदलाबदल झालेले, त्यामुळे ब्लीडर निपल (हवा सोडायचं तोंड) खाली. हवा वर, बाहेर पडणार कुठून?

आधी पुशरॉडला (पेडल आणि मास्टर सिलिंडरमधला दांडा) १ मिमी मोकळीक ठेवली. कॅलिपर आपापल्या बाजूला लावले, निपल सर्वांत वर. मग मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात: निपलला पारदर्शक नळी, टोक ऑइलात बुडवलेलं. पेडल दाबून धरायचं, निपल पाव फेरा उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. ऑइलची टाकी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही.

कॅलिपरची बाजू बदलता येत नसेल तर सोडवून निपल वर धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची फळी घाला. नाहीतर पिस्टन बाहेर येतो. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.