पूर्वजाचा माग हरवला तर साक्षीदार बघा

साध्या माणसाच्या नोंदी मोजक्याच असतात, त्यामुळे एखाद्या कागदानंतर शोध अडतो. तेव्हा त्याच कागदावरची बाकीची नावं वहीत उतरवून घ्या: लग्नाचे साक्षीदार, मृत्यूची खबर देणारा, खरेदीखतावरचा शेजारी. अंगठ्याच्या ठशाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं नावसुद्धा सोडू नका. दोन कागदांवर आलेलं नाव बऱ्याचदा मेहुण्याचं किंवा व्याह्यांचं निघतं. मग त्याच्या नोंदी शोधा.

भावंडांचे कागदही बघाच. आईचं माहेरचं आडनाव एकाच्या नोंदीत गाळलेलं, तर धाकट्या बहिणीच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं असू शकतं.

वयावर मात्र विसंबू नका. ४०, ५०, ६० असे गोल आकडे अनेकदा अंदाजाने सांगितलेले असतात. जन्मसाल किमान ५ वर्षं मागेपुढे धरा.