फाट्यावरचा ब्लिंकर बंद पडू नये म्हणून

आमच्या फाट्यावर पहिला सोलर ब्लिंकर, म्हणजे उन्हावर चालणारा लुकलुकता इशाऱ्याचा दिवा, बसवला तो नेमका बाभळीखाली. तीन महिन्यांत त्याने डोळे मिटले. मी वायरमन, वाळवा तालुक्यातला. तेव्हापासून आजूबाजूच्या चार-पाच फाट्यांवर खांबावर मीच चढतो.

ब्लिंकर मागायचा तर आधी कागद. अपघात झाला की गावात मिटवामिटवी होते आणि नोंद राहून जाते. पोलीस आता ई-डारवर, म्हणजे अपघात नोंदीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, अपघाताची जागा अक्षांश-रेखांशासह चढवतात. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघाताची धोक्याची जागा, धरतात. आपला रस्ता महामार्ग नसला तरी बांधकाम विभागात साहेब पहिलं विचारणार, "नोंदी किती?" म्हणून प्रत्येक अपघाताची नोंद करायला लावा. ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज द्या, पोच घ्या.

मग जागा. ८० च्या वेगातल्या गाडीला थांबायला १२० मीटर धरतात. रात्री दुचाकीवरून तेवढ्या लांबून दिवा दिसतो का ते बघा, आणि तेही ऊस उभा असताना. तोडणीनंतर सगळंच दिसतं! मोठ्या रस्त्याला पिवळा दिवा, म्हणजे सावकाश. गावाकडून येणाऱ्याला लाल, म्हणजे थांब, बघ, मग निघ.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, थोडं तिरकं. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जाऊन त्यावर कशाची सावली पडते का पाहा. बॅटरीची पेटी हाताला लागणार नाही एवढी उंच ठेवा. चोरी होऊ नये म्हणून क्लॅम्पच्या नटांवर वेल्डिंगचा टाका मारा, पण पेटीच्या दाराला कुलूपच लावा. नाहीतर बॅटरी बदलताना तुम्हीच ग्राइंडर शोधत फिराल. माझं झालंय.

एवढं करून मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी राहिली की मुसळ केरात. लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी पंचायतीने आणून ठेवावी आणि फाट्यावर ट्रॉली थांबवून तिथंच चिकटवावी. आधी फडक्याने चिखल पुसा, चिखलावर पट्टी टिकत नाही.

ब्लिंकर तपासायचा तो पहाटे पाचला. संध्याकाळी बॅटरी भरलेली असते, सगळेच ब्लिंकर झकास लुकलुकतात. पहाटे मंद झाला की पॅनेलवर धूळ साचलीय किंवा बॅटरी थकलीय. आधी ओलं फडकं मारा, दोन दिवस बघा, मगच बॅटरीचा खर्च करा. आमच्याकडे पहाटे डेअरीला दूध घालणारा पोरगा हे काम करतो. दिवा विझलेला दिसला की मला मिस्ड कॉल देतो आणि मी शिव्या घालत शिडी बाहेर काढतो.